गोदीचा इतिहास आणि फुकटातली लेखणी

हल्ली एक नवी टूम निघाली आहे. जुन्या बंदराला, जुन्या धक्क्याला 'वारसा' म्हणायचं, भिंती घासूनपुसून घ्यायच्या, दिवे लावायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला इतिहासाच्या पाट्या ठोकायच्या. यात वाईट काही नाही. इतिहास भिंतीवर आला तर आपल्याला आनंदच आहे, पुस्तकातला इतिहास आपल्या आज्यापणज्यांना कुठं वाचता येत होता? पण या पाट्या लिहितो कोण, कुणासाठी लिहितो आणि कुणाच्या खर्चानं लिहितो, हे तपासायला नको का? समीक्षा म्हणजे कविता-कादंबरीची, असं आपण धरून चाललोय. दलित कवीचा संग्रह पाचशे माणसांनी वाचला तर आपण पेढे वाटतो. धक्क्यावरची पाटी हजारो माणसं वाचतात आणि वाचली ती खरी मानतात. म्हणून या वेळी मी पाटीची समीक्षा करणार आहे. पाटी हेही साहित्यच आहे. प्रस्थापितांचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं साहित्य.

आधी माझा संबंध सांगतो. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बसल्या, मी त्यानंतर जन्मलो. माझी गिरणी मुंबईबाहेर आहे. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काही शिक्षण झालं ते वाचनालयात, शिबिरात आणि पाळी संपल्यावर दोस्तांच्या खोलीवर. आजा मात्र मुंबईच्या गोदीत होता. टोळीत. पाठीवरून आणि हुकानं माल ओढायचं काम. त्याच्या उजव्या खांद्यावर कातडी जाड होऊन घट्टा झाला होता, तो मरेपर्यंत गेला नाही. एवढा एक दाखला सोडला तर आमच्या घरात गोदीचा कागद नाही.

कुणीतरी चळवळीतल्या माणसानं माझं नाव एका मंडळाला दिलं. मंडळाचं नाव इथं घेत नाही, घेण्याची गरज नाही, अशी मंडळं पुष्कळ आहेत आणि सगळ्यांची चाल एकच आहे. त्यांना चालू बंदराच्या इतिहासावर मजकूर लिहिणारे स्वयंसेवक पाहिजे होते. 'चालू बंदर' हा त्यांचा मोठा अभिमान. म्हणजे म्युझियमसारखं मेलेलं नाही, अजून मासळी उतरते, बोटी लागतात, माणसं राबतात. मला सांगितलं गेलं की, मानधन नाही, पण प्रमाणपत्र मिळेल, चहा मिळेल आणि एरवी बंद असलेल्या भागात आत फिरायला मिळेल. माझा आजा त्याच भागात आयुष्यभर फिरला. त्याला आत फिरायचे पैसे मिळायचे, थोडे का होईना.

मी गेलो. दोन सुट्ट्या घातल्या, गाडीभाडं घातलं, रात्रपाळी करून तसाच गेलो. लिहायचे मुद्दे त्यांनी काढूनच ठेवले होते. पायाभरणी कुणी केली, इंजिनिअर कोण, दगड कुठला, पहिली बोट कधी लागली, घड्याळाचा मनोरा, व्यापारी घराणी. शेवटी एक मुद्दा 'बंदरातील श्रमिक जीवन', आणि त्याला शब्द साठ. मी साठाचे सहाशे केले. परत आले तेव्हा ते चाळीस झाले होते. त्या चाळिसात माझं एकच वाक्य शिल्लक होतं आणि त्यातलंही क्रियापद बदललेलं. मी विचारलं, तर बाई सौम्यपणानं म्हणाल्या, "तुमचं लिखाण फार रांगडं आहे हो. छान आहे, पण लोक इथं कुटुंबाला घेऊन येतात. त्यांना अपराधी वाटायला नको."

दोस्तहो, हे वाक्य नीट ऐका. पाहणाऱ्याला अपराधी वाटू नये म्हणून राबणाऱ्याची कथा चाळीस शब्दांत बसवायची. आपल्या साहित्यावर गेली पन्नास वर्षं जी टीका होतेय ती याहून वेगळी कुठली आहे? भाषा रांगडी, सूर कडू, कलात्मक अंतर नाही. कवितासंग्रहाच्या परीक्षणात हे मासिकाचे संपादक म्हणायचे. आता पाटीचे संपादक म्हणतात.

०००

आता मजकुराकडे येऊ. मुंबईच्या बंदरावर जे काही लिहिलं जातं त्यात तारखा चोख असतात. ससून डॉक १८७५. प्रिन्सेस डॉक १८८०. व्हिक्टोरिया डॉक १८८८. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताची इंदिरा गोदी, १९१४. सगळं बरोबर. पण वाक्यं बघा. गोदी 'बांधली गेली'. भराव 'टाकण्यात आला'. समुद्र 'हटवण्यात आला'. मला व्याकरण रात्रशाळेतल्या एका मास्तरांनी शिकवलं. ते म्हणायचे, कर्मणी प्रयोगात कर्ता लपवता येतो. मला तेव्हा ते परीक्षेपुरतं वाटलं. पाट्या वाचल्यावर कळलं की ही व्याकरणाची नव्हे, राजकारणाची गोष्ट आहे. कर्ता कधी लपतो? राबणारा असला की लपतो. पैसा घालणारा असला की तोच कर्तरी प्रयोगात ऐटीत उभा राहतो. अमक्या शेटनं गोदी बांधली. शेटनं एक पाटी तरी माती टाकली का?

'व्यापार' या शब्दाचंही तसंच. मुंबईच्या एकोणिसाव्या शतकातल्या बड्या व्यापारी घराण्यांच्या पैशात कापूस होता तशी अफूही होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. ज्या ससून घराण्याचं नाव धक्क्याला आहे, तेही या धंद्यात मोठं होतं. हे काही गुपित नाही, इतिहासाच्या पुस्तकात छापलेलं आहे. पण पाटीवर आलं की अफूचा 'व्यापार' होतो आणि पुढं दानधर्म, वाचनालय, दवाखाना असा मजकूर सुरू होतो. दानधर्म झाला हेही खरं. मग दोन्ही लिहा ना. एक लिहायचं आणि एक गिळायचं याला इतिहास म्हणत नाहीत, याला मयताच्या दिवशीचं भाषण म्हणतात.

तिसरा शब्द 'कॉस्मोपॉलिटन'. बंदरात सगळ्या जातीधर्माचे लोक गुण्यागोविंदानं राबत होते म्हणे. राबत होते, कबूल. पण मुंबईत काम जातीवर वाटलं जात होतं. गिरणीचाच दाखला देतो, कारण तो मला तोंडपाठ आहे. विणकाम खात्यात पगार बरा. तिथं आपल्या माणसाला घेत नव्हते. कारण काय तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपली थुंकी लागलेला धागा दुसऱ्याच्या तोंडात कसा जाणार! बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. लाल बावट्याखाली सगळे एक, पण साच्याजवळ बाटाबाट. हे गिरणीत होतं तर गिरणीपासून पायी अंतरावर असलेल्या गोदीत एकदम समता नांदत होती असं मानायला मी तयार नाही. टोळी मुकादम भरायचा. मुकादम आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस भरायचा. टोळी म्हणजेच भावकी. 'कॉस्मोपॉलिटन' ते बोटीतून उतरणाऱ्याला दिसलं असेल. बोट रिकामी करणाऱ्याला नाही.

०००

आता सगळ्यात मोठी पाटी. १४ एप्रिल १९४४.

ही तारीख वाचताना आपल्या अंगावर दोनदा काटा येतो. बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आणि त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' ही बोट फुटली.

बोट इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालेली, कराचीमार्गे आलेली. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा. शिवाय सोन्याच्या विटा. कराचीला वरून भरल्या कापसाच्या ८,७०० गासड्या, तेल, लाकूड, गंधक आणि भंगार. १२ एप्रिलला ती गोदीत लागली. स्फोटकं असली की बोटीवर लाल निशाण चढवायचं असतं, ते चढवलेलं नव्हतं. १४ तारखेला दुपारी जेवणाची सुट्टी करून परत आलेल्या गोदी कामगारांनी दुसऱ्या नंबरच्या खणातून धूर पाहिला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादरा शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. डझनावारी बोटी गेल्या, गोदामं गेली, आसपासची वस्ती जळाली, ऐंशी हजारांच्या घरात माणसं बेघर झाली. ढिगारा उपसायला आठ हजार माणसं सात महिने लागली.

यावर जे जे लिहिलं जातं त्यात सोन्याच्या विटांना मोठी जागा. विटा आभाळात उडाल्या, दूरच्या घरात छप्पर फोडून पडल्या, पुढं वर्षानुवर्षं गाळ काढताना सापडत राहिल्या. वाचकाला मजा येते. एकेक वीट मोजली गेली. आणि माणसं? माणसांचा आकडा कुठं आठशे सांगतात, कुठं तेराशे. म्हणजे पाचशे माणसांचा फरक! पाचशे विटांचा फरक पडला असता तर चालला असता का? अग्निशामक दलाचे ६६ जवान मेले, त्यांचा आकडा पक्का आहे, कारण ते हजेरीपटावर होते. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. त्यांना माझा जयभीम, ते आगीत मागं न हटता उभे राहिले. पण रोजंदारीवर टोळीतून आलेला हमाल कुठल्या पटावर होता? सकाळी मुकादमानं बोट दाखवलं म्हणून आत गेला. संध्याकाळी आला नाही तर त्याची नोंद मुकादमाच्या डोक्यात, आणि मुकादमही मेला असेल तर कुठंच नाही. गोदी कामगारांच्या नोंदणीचा आणि रोजगाराचा कायदा झाला १९४८ साली, स्फोटानंतर चार वर्षांनी. आकड्यातला घोळ हा मोजणाऱ्याच्या आळसाचा नाही, तो कामाच्या पद्धतीतलाच आहे. पाटीवर हे एक वाक्य आलं पाहिजे. मी ते लिहिलं होतं. ते गेलं.

आणखी एक. आग कशी लागली? चौकशीत कुणाच्या तरी बिडी-सिगरेटचा तर्क पुढं आला. तोच आजवर सगळीकडं छापतात. आता मी कापसात काम करणारा माणूस आहे. कापूस काय चीज आहे ते मला विचारा. दाबलेली गासडी वरून जळत नाही, आतून धुमसते. वरून पाणी मारलं तरी पोटात निखारा राहतो. आमच्या खात्यात बोंड्याच्या ढिगाजवळ माचीस काढली तर जॉबर कानाखाली मारील. अशा कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच खणात भरण्याचा हुकूम कुणी दिला? बिडी टाकणारा, तो होता की नव्हता कुणास ठाऊक, इतिहासात राहिला. माल असा भरायला लावणारे मात्र कर्मणी प्रयोगात विरघळून गेले. 'कापूस भरण्यात आला.' म्हणून मी म्हणतो, गोदीचा इतिहास लिहायला गिरणीतला माणूस पाहिजे. त्याला गासडी माहीत असते. इंजिनिअरचं चरित्र वाचून गासडी कळत नाही.

०००

आता आपल्या घरात येतो. दुसऱ्याच्या पाटीला नावं ठेवणं सोपं आहे.

मराठी कवितेतला समुद्र मी पुष्कळ वाचला. तो चौपाटीवर भेळ खात बघितलेला समुद्र आहे. चंद्र, लाटा, क्षितिज, फार झालं तर परदेशी गेलेल्याची तळमळ. त्या समुद्राला वास नाही. त्याच्या काठावर कुणी ओझं उचलत नाही. हे पांढरपेशांचं झालं, त्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती. आपलं काय? नारायण सुर्व्यांनी कामगाराला कवितेत आणलं, बाबूराव बागुलांनी आणि ढसाळांनी मुंबईचं पोट फाडून दाखवलं. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) बाप गोदीत कामाला आहे. नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही'मध्ये (१९९३) बाप पोर्ट ट्रस्टमध्ये आहे. म्हणजे गोदी आपल्या साहित्यात आहे. पण आपण वाचक म्हणून ती बघितली का? 'बलुतं' वाचून आपण कावाखान्यावर बोललो, गावावर बोललो, आईवर बोललो. गोदीवर किती बोललो?

माझा आक्षेप असा आहे. दलित साहित्यानं गाव लिहिलं, गावकुसाबाहेरचा महारवाडा लिहिला, झोपडपट्टी लिहिली. काम कमी लिहिलं. बाप कामाला जातो आणि दारू पिऊन परत येतो, मधले आठ-दहा तास कवितेत नाहीत. तो आठ-दहा तास काय करत होता? ओझं किती होतं? मुकादम काय बोलत होता? हुक हातात कसा धरतात? वर क्रेन फिरताना खालचा माणूस नजर कुठं ठेवतो? हे आपण विचारलं नाही, आणि आपण विचारलं नाही म्हणून आज दुसरे येऊन 'श्रमिक जीवन, साठ शब्द' असा तुकडा आपल्याला टाकतात. आपण वेदनेचं साहित्य म्हणालो, विद्रोहाचं म्हणालो. बरोबरच होतं. पण आपल्या माणसाला नुसती वेदना नव्हती, कसबही होतं. दोन मण गासडी कमरेवर न घेता खांद्यावर कशी तोलायची हे कसब आहे. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. ते लिहिलं तर बाप दयेचा विषय उरत नाही.

आणि बंदराशी आपला संबंध नुसत्या ओझ्याचा नाही. १९१३ साली बावीस वर्षांचे बाबासाहेब मुंबईहून बोटीनं न्यूयॉर्कला गेले. १९१७ साली ते परतताना त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली होती, ती बोट युद्धात बुडाली, पुस्तकं गेली. १९३० साली गोलमेज परिषदेला ते मुंबई बंदरातूनच निघाले. किती प्रदर्शनांत हे लावलं जातं? तिथं मुंबईच्या धक्क्यावर उतरलेले राजे असतात, राण्या असतात, व्हाइसरॉय असतात. सगळ्या अस्पृश्यांची कैफियत घेऊन एक माणूस इथून बोटीत चढला, आणि त्या आगबोटीचा बॉयलर पेटता ठेवायला कोळसा उपसणारे हातही कुणाचे तरी होते. एका पाटीवर या दोन्ही गोष्टी मावतात.

०००

मग प्रश्न उरतो फुकट लिहायचं का.

आमच्या खोलीवर यावरून दोन रात्री भांडण झालं. एक दोस्त म्हणाला, "वेठबिगारी आहे ही, साफ नाही म्हण." दुसरा म्हणाला, "नाही म्हटलास तर तिथं सदाशिवपेठी पोरगा लिहील. आत शिर आणि लिही." दोघांचंही म्हणणं वजनाचं आहे.

वेठ हा शब्द आपल्या तोंडात उगाच येत नाही. महार वतन काय होतं? गावाची आणि सरकारची चाकरी चोवीस तास. निरोप न्या, थैली न्या, मेलेलं ढोर ओढा. मोबदला चतकोर भाकरी आणि वर 'मान'. या मानाच्या नावाखाली पिढ्या फुकट राबल्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं, वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. तेव्हा आपल्याला कुणी 'पैसा नाही, पण मान आहे' म्हटलं की कान टवकारले पाहिजेत. प्रमाणपत्र हा तोच मान, फक्त त्याला चौकट आहे. त्याच प्रदर्शनात दिवे लावणाऱ्याला पैसे देतात, रंगाऱ्याला देतात, नकाशा काढणाऱ्याला देतात. लेखकालाच काय म्हणून फुकट? कारण फुकट लिहिणं परवडणारेच आजवर लिहीत आले. ज्याच्या घरात पेन्शन येते त्याला रविवार मोकळा असतो. मला रविवार म्हणजे सात रात्रींची झोप. फुकटाची अट ही वरवर सगळ्यांना सारखी दिसते, पण ती आपल्याला बाहेर ठेवणारी चाळण आहे.

पण फुकट लिहिण्याची आपली एक दुसरीही परंपरा आहे. 'बहिष्कृत भारत' १९२७ साली निघालं, त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांनी एकट्यानं लिहून काढले. पैसे मिळाले नाहीत, उलट पदरचे गेले. समता सैनिक दलाच्या माणसांनी पगार मागितला नाही. हा अंक तुमच्या हातात आहे, तो काढणाऱ्याच्या बोटांना शाई लागलीय, पैसा नाही. मग फरक कुठं? फरक असा की, जिथं मालकी आपली आहे तिथं फुकट काम म्हणजे त्याग. जिथं मालकी दुसऱ्याची आणि मजकुरावर कात्रीही दुसऱ्याची, तिथं फुकट काम म्हणजे वेठ. स्वयंसेवक आणि सैनिक यात हाच फरक आहे. सेवकाला काय करायचं ते सांगतात. सैनिकाला कशासाठी लढतोय ते माहीत असतं.

आत शिरून लिहा, हे म्हणणंही मी उडवून लावत नाही. कारण हे नुसतं साहित्याचं प्रकरण नाही. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर आले, मुंबई गोदीतलं हातकाम आटलं. त्या न्हावा-शेवाच्या भूसंपादनातही जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच शेतकरी मेले, त्यांची पाटी निदान गावकऱ्यांनी राखली. इकडं मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या मोठ्या जमिनीचे नवे आराखडे निघत राहिले. गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. चिमणी वारसा म्हणून ठेवली, कामगार घरासाठी लॉटरीच्या रांगेत. जमिनीचं नवं वाटप होतं तेव्हा इतिहास सातबाऱ्यासारखा वापरतात. पाटीवर ज्याचं नाव इथला म्हणून आहे तो इथला ठरतो. ज्याचं नाही तो अतिक्रमण ठरतो. म्हणून पाटी सोडून देणं परवडणारं नाही.

बाहेर काय चाललंय तेही बघा. २०१७ साली ससून डॉकच्या जुन्या गोदामात मोठं कलाप्रदर्शन भरलं. धक्क्यावरच्या माणसांचे मोठमोठे काळे-पांढरे फोटो भिंतीवर चढले. कोळणी, कामगार, भिंतीएवढे चेहरे. मला हे आवडलं, खोटं कशाला बोलू. आपला चेहरा एवढा मोठा कोण करतो? पण चेहऱ्याला तोंड असतं आणि तोंडात शब्द असतात. फोटोतली बाई पहाटे किती वाजता येते, किलोमागं काय मिळतं, धक्का हलवला तर ती कुठं जाणार, हे तिच्या शब्दांत शेजारी पाहिजे. नाहीतर चेहरा मोठा होतो आणि माणूस तेवढाच राहतो.

उलट दाखलाही आहे. 'फोर्ट स्टिकिन' ज्या बर्कनहेडहून निघाली त्याच्या समोर, नदीच्या पलीकडं लिव्हरपूल. हे शहर गुलामांच्या व्यापारावर गबर झालेलं. तिथल्याच अल्बर्ट डॉकमध्ये २००७ साली गुलामगिरीच्या इतिहासाचं म्युझियम उघडलं. ज्या बंदरानं पाप केलं त्याच बंदराच्या भिंतीवर पाप लिहिलं. ते काही लगेच संत झाले नाहीत. पण कुटुंब घेऊन आलेल्यांना अपराधी वाटेल म्हणून लपवलं तरी नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली. त्यांच्या वारसांनी लिव्हरपूलची भिंत वाचली पाहिजे आणि मुंबईच्या भिंतीला विचारलं पाहिजे, तुझं काय?

घरचाही एक दाखला आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून त्यांच्याच तोंडचा इतिहास पुस्तकात आणला. मराठीत तो 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' म्हणून आला. तो वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की, माझ्या खात्यातली बोली छापण्यासारखी आहे. गोदीला तसं पुस्तक पाहिजे.

०००

म्हणून मी मंडळाला नाही कळवलं नाही आणि हो पण कळवलं नाही. अटी कळवल्या. एक, रंगाऱ्याला जो रोज, तो लेखकाला. दोन, विचारल्याशिवाय शब्द कापायचा नाही, आणि कापला तर खाली नाव माझं लावायचं नाही. तीन, पाटी आधी मराठीत आणि अक्षर एवढं मोठं की पाठीवर ओझं घेऊन जाणाऱ्याला चालता चालता वाचता यावं. चार, १४ एप्रिल १९४४ च्या पाटीवर बेनाव मेलेल्या हमालांसाठी एक ओळ, मृतांचा आकडा पक्का का नाही याच्या कारणासकट. उत्तर आलेलं नाही. आलं तर पुढच्या अंकात छापू.

उत्तराची वाट बघत बसायचं कारण नाही. तुमच्यापैकी ज्यांचं कुणी गोदीत, धक्क्यावर, दारूखान्यात, मासळीच्या फलाटावर राबलं असेल त्यांनी आजच वही घेऊन म्हाताऱ्यांजवळ बसा. म्हातारे झपाट्यानं चाललेत. माझा आजा गेला, मी त्याला खांद्याचं विचारलं, हुकाचं विचारायचं राहिलं तर आता कुणाला विचारू? टोळी कशी भरायची, मुकादमाचं नाव काय, जेवायला कुठं बसायचे, पाणी कोण कुणाला देत नव्हतं, कुणाचा हात कधी गेला आणि कंपनीनं काय दिलं, सगळं लिहा. जसं बोलतात तसं लिहा. शुद्ध करू नका. कविता करायची घाई करू नका, कविता मागनं येते. वाक्यात कर्ता ठेवा. कोणी बांधलं, कोणी उचललं, कोणी हुकूम दिला, कोण मेलं.

येत्या १४ एप्रिलला आपण सगळे निळा झेंडा घेऊन निघणारच आहोत. त्यातल्या काहींनी सकाळी बंदराच्या दरवाजावर जायचं, आणि ज्यांची नावं पटावर नव्हती त्यांच्यासाठी आपण लिहिलेली पानं मोठ्यानं वाचायची. परवानगी लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही. पानं या पत्त्यावर पाठवा, स्टेन्सिल आम्ही कापू.

जयभीम.